चेहऱ्याला शोभेल अशी कटिंग: खुर्चीत बसण्याआधी काय बघायचं, बसल्यावर काय सांगायचं

खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईल पुढे करून "असं करा" म्हणणारी गिऱ्हाइकं आता रोजचीच झाली आहेत. फोटोतला पोरगा लांब चेहऱ्याचा, केस सरळ नि दाट, फोटोआधी ड्रायर आणि वॅक्सनं बसवलेले. समोर बसलेला आपला भावा गोल चेहऱ्याचा, केस कुरळे, कानशिलावरची रेषा मागे सरकलेली. कात्री हुबेहूब तशीच चालवली तरी ही दोन डोकी सारखी दिसणार नाहीत. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये बसा नाहीतर मंगळवार पेठेतल्या दोन खुर्च्यांच्या दुकानात, फरक फक्त बिलात पडतो.

त्यामुळे सध्या कोणता कट चालतोय याची यादी इथे मिळणार नाही. नावं दरवर्षी बदलतात आणि एकाच नावाचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो. एका गल्लीत 'स्टेप कट' म्हणून जे कापतात तेच पलीकडच्या चौकात 'लेयर' म्हणून खपतं. चेहऱ्याकडे बघून ठरवायचं असतं ते वेगळंच: केस कुठे फुगवायचे, कुठे चापून बसवायचे आणि कुठे संपवायचे. एवढं पक्कं झालं की नाव न घेताही मनासारखी कटिंग होते. आमच्या दुकानात पुढे जेन्ट्स आहे, ते मी बघतो. आत लेडीज आहे, ते बायको बघते. बायकांच्या केसांबद्दल खाली जे आहे ते तिनं तपासून दिलेलं आहे, दोन ठिकाणी मला गप्प बसवूनसुद्धा.

चेहरा मोजा, पण टेपनं नको

शिंप्याची टेप चेहऱ्यावर धरली की ती गालाच्या गोलाईवरून फिरते आणि माप चुकतं. आपल्याला हवी असते समोरून दिसणारी रुंदी. म्हणून फोटो काढा आणि फोटोवर पट्टी ठेवा.

फोटो सेल्फी नको. मोबाईल हातभर अंतरावर असला की नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता दिसतो. घरातल्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करा, मोबाईल तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा आणि तिथूनच झूम करून काढायला सांगा. उजेड खिडकीचा, तोही समोरून. केस कपाळावरून आणि कानांवरून पूर्ण मागे घ्या. दाढी असेल तर जबड्याचा कोपरा बोटानं चाचपून बघा, फोटोत तो कळत नाही.

मापं चार. कपाळाची सगळ्यात रुंद जागा. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांखाली गालाची हाडं जिथे वर आलेली असतात तिथली रुंदी. जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी. आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची लांबी. सेंटीमीटर किती आले याला काही अर्थ नाही, कोणतं माप कशापेक्षा मोठं आहे एवढंच टिपून ठेवा. कपाळ मागे गेलं असेल तर भुवया वर चढवा. सगळ्यात वरची आठी जिथे पडते तिच्या बोटभर वर आपली मूळची रेषा होती असं धरून चाला, नाहीतर टक्कल पडत चाललेला प्रत्येक माणूस लांब चेहऱ्याचाच निघेल.

आता वाचन. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट आणि जबडा गोलसर असेल तर चेहरा लंबगोल. लांबी-रुंदी जवळजवळ सारखी आणि कुठेच कोपरा नाही, तो गोल. सारखीच पण जबड्याला ठळक कोपरे आहेत, तो चौकोनी. लांबी दीडपटीच्या बरीच पुढे गेली आणि कपाळ, गाल, जबडा एकाच रुंदीचे असले तर लांबट. कपाळ रुंद नि हनुवटी निमुळती म्हणजे हार्ट शेप. गालाची हाडं सगळ्यात रुंद आणि वर-खाली दोन्हीकडे अरुंद म्हणजे डायमंड. जबडाच कपाळापेक्षा रुंद असेल तर त्रिकोणी.

बहुतेकांचा चेहरा यातल्या दोन आकारांच्या मध्ये कुठेतरी बसतो. अशा वेळी जबड्याचं ऐकायचं. कपाळ दोन बटांनी झाकता येतं, जबडा तसा झाकत नाही.

गोल चेहरा

गोल चेहऱ्याला उंची द्यायची आणि बाजू आवळायच्या. पुरुषांनी बाजूला दोन किंवा तीन नंबरची मशीन मारावी (नंबर म्हणजे किती ते शेवटी सांगतो), वर तीन बोटं आडवी धरली तर होईल तेवढ्या लांबीचे केस ठेवावेत आणि भांग मधोमध न पाडता बाजूला पाडावा. कपाळावर सरळ रेषेत केस सोडले की चेहऱ्याची लांबी तेवढी कमी होते आणि उरलेला गोल आणखी गोल दिसतो. केस वर उचलून मागे किंवा तिरपे न्यायचे. बाजूचे केस कानावर फुगणार नाहीत याकडे लक्ष ठेवायचं, कारण गाल तिथे आधीच भरलेले असतात. कटिंग झाल्यावर पहिले पंधरा दिवस छान दिसणारा गोल चेहरा महिन्यानं सुजल्यासारखा वाटतो तो याच बाजूच्या वाढीमुळे.

बायकांच्या बाबतीत सगळं लांबी कुठे संपते यावर आहे. केसांचं टोक जिथे संपतं तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. गालाच्या सगळ्यात रुंद जागी केस संपवले की नजर तिथेच जाते. कॉलेजला जाणारी एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली होती, डोक्यात बॉब घेऊन. बायकोनं कात्री हातात घेतलीच नाही. मुलीचे केस गोळा केले, आत दुमडले आणि टोक हनुवटीच्या जरा वर धरलं.

"हे बघ, इथे."

मुलगी आरशात बघत राहिली. मग बायकोनं तेच केस सोडून गळ्याच्या हाडावर धरले. आई मागून म्हणाली, "वहिनी, हे बरं दिसतंय, पण तेवढे तरी कशाला कापायचे?" मुलीनं आईकडे बघितलंच नाही. "काकी, इथेच. आणि पुढे थोडं तिरकं." फरक चार-पाच बोटांचा होता, पण गाल दिसायला निम्मे झाले होते.

ही दुमडून बघायची युक्ती घरीही करता येते. केस पोनीत बांधा, पोनी डोक्यावरून पुढे घ्या आणि टोकं वेगवेगळ्या उंचीवर धरून आरशात बघा. गोल चेहऱ्याला हनुवटीच्या बऱ्यापैकी खाली, गळ्याच्या हाडापाशी किंवा त्याहून लांब केस बहुतेक वेळा जमतात. पहिला लेयर हनुवटीच्या खालूनच सुरू करायचा. फ्रिंज हवीच असेल तर तिरपी किंवा मधून फाकवलेली, भुवयांवर सरळ कापलेली नको. लग्नात अंबाडा घालून गजरा माळणार असाल तर अंबाडा मानेवर न बांधता जरा वर बांधायला सांगा आणि कानापुढे एकेक बारीक झुलूप सोडा. चापून मागे ओढलेले केस आणि मधला भांग यांत गोल चेहरा अगदी उघडा पडतो.

चौकोनी जबडा आणि तालमीतली मान

आमच्या भागात हा चेहरा भरपूर. रुंद जबडा पुरुषाला शोभतो, त्यामुळे तो लपवायचा की दाखवायचा हे आधी ठरवा. दाखवायचा असेल तर बाजू बारीक, वर थोडे केस, दाढी नाही किंवा अगदी खुरटी. मवाळ करायचा असेल तर वरचे केस थोडे विस्कटलेले, तिरपे, आणि दाढीचा कोपरा गोल.

तालमीत जाणाऱ्या पोरांचं गणित मात्र वेगळं आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीतला पैलवान घ्या, मान जबड्याइतकी किंवा त्याहून रुंद असते. ही पोरं येऊन म्हणतात, "मामा, बाजूनं झिरो मारा." झिरो मारला की डोकं लहान आणि मान दुप्पट दिसते. त्यांना मी कानशिलावर तीन नंबर ठेवतो, फक्त कानाच्या कडेला आणि मानेवर खाली उतरत नेतो, वर दोन बोटं. त्याहून लांब केस मातीत चालत नाहीत, लाल माती केसांच्या मुळाशी बसली की निघता निघत नाही.

मागची रेषा इथे सगळ्यात महत्त्वाची. "मागं गोल का चौकोन?" असं आम्ही विचारतो तेव्हा बरेच जण "करा काहीही" म्हणतात. चौकोनी कापलेली मागची रेषा मान रुंद दाखवते. बारीक मानेच्या माणसाला ती छान दिसते, पैलवानाला नाही. जाड मानेला रेषाच नको, केस हळूहळू विरत न्यायला सांगा.

मोडलेल्या कानांचं काय करायचं असंही विचारतात, बहुतेक वेळा पोराची आई. कुस्तीत कानावर सतत मार बसून आतल्या कुर्चेवरच्या, म्हणजे कानाच्या मऊ हाडावरच्या आवरणाखाली रक्त साकळतं आणि कान तसा घट्ट होऊन जातो. त्यावर केस आणून झाकायचा प्रयत्न केला की बाजू फुगतात आणि कान अधिकच डोळ्यांत भरतो. आणि खरं सांगायचं तर ज्याचा कान मोडलाय त्याला तो झाकायचा नसतोच. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरलेल्या माणसाची ती ओळख आहे.

बायकांच्या चौकोनी चेहऱ्याला जबड्याच्या कोपऱ्यावर संपणारा सरळ ब्लंट कट नको, एवढं एक पथ्य पाळलं की बाकी सगळं सोपं आहे. जबड्याच्या दोन बोटं खाली संपणारे मऊ लेयर, बाजूचा भांग, टोकांना थोडी वळणं.

लांबट चेहरा

इथे गोल चेहऱ्याच्या उलट वागायचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. बाजू झिरो आणि वर कोंबड्यासारखा तुरा ही जी फॅशन मध्यंतरी प्रत्येक गल्लीत फिरत होती ती लांबट चेहऱ्याला सगळ्यात वाईट दिसते. वर उंची वाढली, बाजूची रुंदी गेली, राहिला तो फक्त उभा चेहरा. पुरुषांनी बाजूला मशीनऐवजी कात्री लावून घ्यावी किंवा निदान चार नंबरच्या खाली जाऊ नये. वरचे केस पुढे किंवा आडवे बसतील असे ठेवावेत. कपाळावर थोडे केस आले तर उत्तमच. दाढी गालावर भरलेली आणि हनुवटीखाली आखूड.

बायकांनी कंबरेपर्यंतचे सरळ केस आणि मधला भांग एकत्र ठेवू नयेत. लांबी आवडत असेल तर राहू द्या, पण गालाच्या उंचीवर वळणं किंवा लेयर येऊ द्या आणि कपाळावर फ्रिंज घ्या. हनुवटी ते खांदा एवढी लांबी या चेहऱ्याला फार छान दिसते. गोल चेहऱ्याच्या मैत्रिणीला जो बॉब शोभला नाही तो इथे शोभतो.

उरलेले आकार

हार्ट शेपला वर उंची नको, हनुवटीपाशी भर हवी. पुरुषांना दाढी फार उपयोगी पडते, बायकांना हनुवटीच्या खाली वळणारी टोकं आणि बाजूला वळवलेली फ्रिंज. डायमंडला कपाळावर आणि जबड्यापाशी भर द्यायची, गालाच्या हाडांपाशी केस चापून बसवायचे आणि कानामागे केस खोचायची सवय सोडायची. त्रिकोणी चेहऱ्याला डोक्याच्या वर आणि कानशिलांवर केस दाट ठेवा, जबड्याशी कमी करा.

लंबगोल चेहऱ्याला सगळंच चालतं. त्यांनी हा भाग सोडून केसांच्या जातीकडे यावं, त्यांची अडचण असली तर तिथे असते.

सव्वादोन इंच

आखूड केस आपल्याला जमतील का, हा बायकांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी सव्वादोन इंचाचा एक आडाखा आहे, तो ब्रिटिश हेअरड्रेसर जॉन फ्रीडा यांच्या नावावर सांगितला जातो. पेन्सिल हनुवटीखाली आडवी धरायची, पट्टी कानाच्या पाळीखालून सरळ खाली सोडायची आणि दोन्ही जिथे भेटतात तिथलं माप वाचायचं. सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.७ सेंटीमीटरपेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतात. जास्त आलं तर लांब ठेवलेले बरे. हे माप खरं तर कानापासून हनुवटी किती खाली उतरते ते सांगतं, म्हणजे चेहऱ्याच्या लांबीचाच एक अंदाज. बरोबर सव्वादोनच्या आसपास आलं तर पट्टी ठेवून द्या आणि वरची पोनीची युक्ती करा. केस कुरळे असतील तर हा आडाखा धरूच नका.

केसांची जात चेहऱ्यावर मात करते

चेहऱ्याला अगदी योग्य असा कट केसांनी मानला नाही तर फुकट जातो. विरळ आणि बारीक केसांना भरपूर लेयर दिले की टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात. अशा केसांना खालची रेषा सरळ आणि एकसारखी ठेवायची, केस लगेच दाट वाटतात. दाट केसांचं उलटं. त्यांचं वजन आतून काढावं लागतं, पण थिनिंगची कात्री मुळाजवळ चालवू देऊ नका. मुळाजवळ कापलेले आखूड केस दोन आठवड्यांत ताठ उभे राहतात आणि वरच्या केसांना ढकलतात, मग डोकं होतं त्याहून मोठं दिसतं. थिनिंग लांबीच्या खालच्या अर्ध्यात.

कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात. किती चढतील ते वळणाच्या घट्टपणावर असतं. शक्य असेल तर कोरड्या केसांवर कापून घ्या, नाहीतर हव्या त्या लांबीपेक्षा किमान दोन बोटं जास्त सांगा.

पावसाळ्याचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा केसांत शिरतो. ड्रायरनं किंवा इस्त्रीनं केस सरळ होतात ते आतले हायड्रोजन बंध तेवढ्यापुरते बदलल्यामुळे, आणि ओलावा लागला की ते सुटून केस मूळ वळणावर जातात. घरातून सरळ फ्रिंज घेऊन निघालेली मुलगी रंकाळ्यापर्यंत पोचेपर्यंत तिची फ्रिंज कपाळावर वर चढलेली असते. केस वळणदार असतील तर फ्रिंजचा प्रयोग दिवाळीनंतर करा.

आणि भोवरा. डोक्याच्या मागच्या बाजूला केस जिथून गोल फिरतात ती जागा केस ओले केल्यावर स्पष्ट दिसते. काहींना दोन असतात. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे आमच्या दुकानात अजून ऐकू येतं, पण कटिंगच्या दृष्टीनं खरी भानगड वेगळी आहे. भोवऱ्यापाशी केस मध्यम कापले की ते शेंडीसारखे उभे राहतात. तिथे एकतर दोन नंबरपर्यंत बारीक करायचे, नाहीतर स्वतःच्या वजनानं खाली बसतील इतके, तीनेक बोटं लांब ठेवायचे. मधली लांबी नको. कपाळावर पुढे भोवरा असेल तर भांग त्याच्या वळणाच्या दिशेनंच पाडा, त्याच्याशी भांडून जेल संपतं, भोवरा नाही.

दाढी, चष्मा, हेल्मेट, फेटा

दाढीची खालची रेषा गळ्याच्या घाटीच्या वर बोट-दोन बोटं हवी. ती थेट जबड्याच्या हाडावर आणली की दुहेरी हनुवटी असलेल्या माणसाची सगळी मान उघडी पडते, आणि ही चूक घरी ट्रिमर घेऊन बसणारे हमखास करतात. गोल चेहऱ्याला दाढी गालावर कमी आणि हनुवटीवर जास्त.

चष्मा लावत असाल तर कटिंगला चष्मा घेऊन या आणि मध्ये एकदा लावून दाखवा. कल्ले जाड असले की चष्म्याची काडी त्यांवर बसून केस बाहेर ढकलते. फ्रिंज फ्रेमच्या वरच्या काठावर टेकली तर डोळेच दिसत नाहीत.

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला रोज हेल्मेट घालून जाणाऱ्यांनी वर उभे राहणारे केस ठेवू नयेत. हेल्मेट काढल्यावर ओला हात फिरवून परत बसतील अशी लांबी घ्या, दोन बोटं पुरे. हेल्मेटमध्ये बसायला केस कमी करा, केस बसावेत म्हणून हेल्मेट सोडू नका.

लग्नाला किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीला फेटा बांधणार असाल तर वरची सगळी मेहनत झाकली जाते. दिसतात ते कल्ले, कानाची कडा आणि मान. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना सारखे, एवढं झालं तरी फोटो चांगले येतात.

खुर्चीत बसल्यावर

डोक्याला तेल चोपडून येऊ नका. तेलानं केस चापून बसतात आणि त्यांची खरी वळणं कापणाऱ्याला दिसत नाहीत. आदल्या दिवशी धुतलेले, रोज विंचरता तसे विंचरलेले केस घेऊन या. रविवारची सकाळ टाळा. दाराबाहेर बाकावर सहा जण बसलेले असताना कुणाचाही हात थोडा घाईतच चालतो.

फोटो आणायचा तर स्वतःचाच आणा, ज्या दिवशी केस आवडले होते त्या दिवसाचा. त्यातले केस तुमचेच असतात, चेहराही तुमचाच. मग बोला ते बोटांत आणि नंबरांत. मशीनच्या कंगव्याचा एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १० आणि चार म्हणजे १३. घरच्या ट्रिमरवर बहुधा थेट मिलिमीटरचे आकडे असतात. त्यामुळे घरी 'तीन'वर लावून समाधान झालं असेल आणि दुकानात येऊन "तीन मारा" म्हणालात तर केस तिप्पट लांब राहतील.

पुरुषांनी सांगायचं ते असं: "बाजूला तीन, कानापाशी दोनवर उतरवा, वर तीन बोटं, भोवऱ्याला हात लावू नका, मागे रेषा नको." बायकांनी: "लांबी गळ्याच्या हाडापर्यंत, पहिला लेयर हनुवटीच्या खाली, पुढची बट गालाच्या हाडाखाली संपू दे, थिनिंग फक्त टोकांना." इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक आलं की कापणाराही नीट लक्ष देतो, हे आतलं म्हणून सांगतो. बोटं तुमची दाखवा, कारण तीन बोटं माझी आणि तीन बोटं तुमची यांत फरक पडतो.

पहिल्या वेळी नव्या दुकानात सगळं अर्धं बोट जास्त ठेवायला सांगा. मागे आरसा धरल्यावर मान हलवून दोन्ही बाजू बघा. वस्तरा लावणार असतील तर पातं तुमच्यासमोर बदललेलं बघा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पुढच्या कटिंगचा हिशेब

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. फेडची, म्हणजे बाजूनं खाली हळूहळू बारीक होत विरत गेलेल्या कटिंगची सफाई पंधरा-वीस दिवसांत जाते, साधी मिडियम कटिंग महिना-सव्वा महिना टिकते, बायकांचे लेयर दोन-तीन महिने, फ्रिंज मात्र तीन-चार आठवड्यांत डोळ्यांत येते. दर पंधरा दिवसांनी खुर्चीत बसायला वेळ किंवा पैसा नसेल तर फेड कितीही शोभत असला तरी घेऊ नका. लग्न असेल तर नवरदेवानं आठवडाभर आधी कापावेत, कारण ताज्या मशीनखालची फिकी कातडी फोटोत वेगळी दिसते. नवरीनं मोठा बदल दोन महिने आधीच करून टाकावा, खोपा किंवा अंबाडा घालणाऱ्या बाईला किती लांबी लागते ते तिला विचारूनच.

कटिंग बिघडली तर त्याच दिवशी पुन्हा कापायला बसू नका. घरी धुवा, तुमच्या पद्धतीनं वाळवा, दोन दिवस जाऊ द्या. भांग दुसऱ्या बाजूला पाडून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी पटलं नाही तर आठवड्याच्या आत त्याच दुकानात जा आणि नेमकी जागा बोटानं दाखवा. बाजू फार बारीक झाल्या असतील तर वरचे केस एक बोट कमी करून घ्या, मधली पायरी लगेच कमी दिसते. फ्रिंज आखूड झाली असेल तर ती पिनेनं तिरपी लावून ठेवा आणि पुढचा महिनाभर तिला कुणालाही हात लावू देऊ नका.